शिखराची सम
अंबरनाथच्या शिवालयावरील बहुमाध्यमी संगीतरचनेची प्रस्तावना

या पुस्तिकेत एका संगीतरचनेचा आराखडा आहे. तिचा विषय आहे अंबरनाथचे शिवालय. गायन, वादन, ध्वनिमुद्रित आवाज, प्रकाश आणि चलत्चित्र ही पाच अंगे तिच्यात एकत्र येतात, म्हणून तिला बहुमाध्यमी म्हटले आहे. पण ही सगळी अंगे एका वास्तूकडून काय शिकतात, हा प्रश्न माझ्या लेखी अधिक मोठा आहे. हीच इमारत का निवडली, असे प्रयत्न जगात आणि आपल्याकडे कसे झाले आणि संगीतकाराने दगडाकडून नेमके काय घ्यावे, हे आराखड्याआधी सांगितले पाहिजे. त्यासाठी ही प्रस्तावना.

मी डोंबिवलीच्या मानपाड्यात राहते. इथून कल्याण-शीळ रस्त्याने काटई नाका गाठला आणि बदलापूरच्या रस्त्याला लागले, की नेवाळीवरून अंबरनाथ येते. ठाण्यातही घोडबंदर रस्त्याला एक मानपाडा आहे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. एका मानपाड्यापासून शिलाहारांचे स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, जवळ. दुसऱ्यापासून त्याच राजांच्या काळातले देऊळ जवळ. मधल्या पट्ट्यात आज लाखो माणसे राहतात. त्यांतल्या बहुतेकांना हे देऊळ ठाऊक असते ते महाशिवरात्रीच्या रांगेमुळे. रांगेत उभे राहून घेतलेले दर्शन खरेच असते. पण ही वास्तू कानांनीही भेटू शकते, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

देवळाच्या उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर आतून एक शिलालेख आहे. त्यावर शके ९८२ हे वर्ष आहे, म्हणजे इ.स. १०६०. राज्य उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मुम्मुणीचे. थोरला भाऊ छित्तराज याच्या काळात काम सुरू झाले आणि मुम्मुणीच्या काळात पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम वाचला तेव्हा त्यांना आकडा ७८२ दिसला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखवले. एका झिजलेल्या अंकाने देऊळ दोनशे वर्षे मागे-पुढे झाले. दगडावरून काही वाचू पाहणाऱ्या प्रत्येकाने, संगीतकारानेसुद्धा, ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याला जे दिसले ते पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर इमला उभारू नये.

१८६८ साली मुंबई सरकारने या देवळाच्या नोंदीचे काम हाती घेतले. जे. जे. कलाशाळेचे टेरी यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी आराखडे काढले, छायाचित्रे घेतली गेली, शिल्पांचे साचे उतरवले गेले. १८७४ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’च्या तिसऱ्या खंडात या देवळावर सचित्र लेख आला. या नोंदीकडे मी आमच्या कामाची पूर्वपीठिका म्हणून पाहते. एकाच भिंतीचे तीन माध्यमांतून तीन पुरावे तयार झाले. रेखाटनाने माप धरले, छायाचित्राने ऊन-सावली धरली, साच्याने उठाव धरला. एकाचे काम दुसऱ्याला जमले नसते. नाद मात्र कोणी धरला नाही, कारण एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून नऊ वर्षे होती. तो चौथा पुरावा आज तयार करता येतो. आमच्या रचनेचा पहिला टप्पा तोच आहे.

आता देवळाविषयी थोडे. काळ्या बेसॉल्टचे, चुन्याचा वापर न करता दगडावर दगड बसवून उभारलेले हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. शेजारून वालधुनी वाहते. मंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. मधल्या चार नक्षीदार खांबांवर घुमटी छत आहे, आत आत सरकत जाणाऱ्या वर्तुळांचे. बाहेरच्या भिंतीवर देवदेवता, गजासुराचा वध करणारा शिव, नृत्यमुद्रेतल्या स्त्रिया आणि इंच इंच कोरलेले थर आहेत. मंडपातून गाभाऱ्याकडे गेले की सुमारे वीस पायऱ्या खाली उतराव्या लागतात. पिंडी खाली, मंडपाच्या तळाहून कितीतरी खोल. आणि वर शिखराचा माथा आज नाही, त्यामुळे उजेड सरळ गाभाऱ्यात उतरतो.

हे शिखर भूमिज पद्धतीचे. त्याच सुमारास परमार उदयादित्याने मध्य प्रदेशातल्या उदयपूरला उदयेश्वर बांधले, पुढे सिन्नरला गोंदेश्वर झाले, ती याच घराण्यातली. भूमिज शिखराची रीत अशी: चार दिशांना पायापासून माथ्यापर्यंत चार उभ्या पट्ट्या जातात, त्यांना लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरे ओळीने मांडलेली असतात, आडवी आणि उभी. आकार एकच, पण वर जाताना प्रत्येक ओळीत तो लहान होत जातो, आणि शेवटी माथ्यावरच्या गोल, खाचदार दगडाशी, म्हणजे आमलकाशी, सगळ्या ओळी मिटतात. संगीत शिकलेल्या माणसाला हे वर्णन परके वाटायला नको. एकच बोल ठायीत, मग दुगुनीत, मग चौगुनीत घ्यायचा; बोल तोच, जागा कमी कमी; आणि सगळे जाऊन समेवर पडायचे. अंबरनाथला ती सम, म्हणजे आमलक, उरलेले नाही. डोळा ओळींमागून ओळी चढत जातो आणि जिथे आघात व्हायचा तिथे आकाश असते. ही रचना मला त्या जागेने सुचवली.

आता इतरांनी काय केले ते पाहू, कारण या वाटेवर पुष्कळ जण चालून गेले आहेत.

२५ मार्च १४३६ रोजी फ्लॉरेन्सच्या नव्या कॅथीड्रलचे समर्पण झाले, तेव्हा ग्योम द्युफे या संगीतकाराने खास त्या प्रसंगासाठी एक रचना बांधली होती. तिच्या चार भागांच्या लांबीचे प्रमाण ६:४:२:३ असे आहे. १९७३ साली चार्ल्स वॉरन या अभ्यासकाने मांडले, की हे प्रमाण थेट त्या इमारतीच्या मापांतून घेतले आहे. कल्पना इतकी सुंदर होती की ती सगळीकडे पसरली. १९९४ मध्ये क्रेग राइट यांनी दाखवले, की इमारतीची मापे त्यात नीट बसत नाहीत. बायबलमध्ये दिलेल्या सॉलोमनच्या मंदिराच्या मापांशी मात्र ते प्रमाण जुळते. मला या वादातून दोन गोष्टी मिळाल्या. आकडे जुळवायचे ठरवले की जुळतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. आणि रचना समोरच्या दगडाइतकीच मनातल्या देवळावरही उभी राहू शकते.

१९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचा मंडप होता. काम ल कॉर्ब्युझिएकडे होते. वक्र पृष्ठांचा आकार मुख्यतः त्यांचा सहकारी इआनिस झेनाकिस याने घडवला आणि एदगार व्हारेझ याने आठ मिनिटांची ध्वनिफितीवरची रचना दिली. भिंतींवर शेकडो स्पीकर बसवून आवाज त्या वक्रांवरून फिरवला गेला, बरोबर प्रकाश आणि चित्रे. इमारत आणि संगीत एकमेकांसाठी जन्मले, असे हे दुर्मिळ उदाहरण. प्रदर्शन संपल्यावर मंडप पाडला गेला. ध्वनिफीत उरली, पण ती जिथे फिरली ती जागा गेली. झेनाकिस पुढे १९७१ साली इराणमध्ये पर्सेपोलिसच्या अवशेषांत रात्री ध्वनी, मशाली आणि लेझर घेऊन गेला. तिथे इमारत आधीपासून होती आणि संगीत पाहुणे होते. आमच्यासारख्यांची परिस्थिती तीच.

इस्तंबूलच्या हागिया सोफियाचे उदाहरण मला सगळ्यांत जवळचे. तिथे गायनाला परवानगी नव्हती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिसेरा पेंचेवा आणि जोनाथन एबल यांच्या गटाने त्या वास्तूत फुगे फोडले आणि त्या स्फोटाचा घुमारा कसा विरतो ते मुद्रित केले. त्या नोंदीवरून संगणकाने त्या वास्तूचा नादगुण काढला. दूर अमेरिकेतल्या सभागृहात कापेला रोमाना या गायकवृंदाने बायझंटाईन स्तोत्रे गायली आणि त्यांच्या आवाजावर तो अकरा सेकंदांच्या आसपासचा घुमारा चढवला गेला. २०१९ साली त्यांचा अल्बम निघाला. इमारतीत एकही गायक उभा न राहता इमारत गाण्यात आली. ही पद्धत आता महाग राहिलेली नाही. दोन चांगले मायक्रोफोन, एक मुद्रणयंत्र आणि कन्व्होल्यूशन करणारे, म्हणजे नोंदलेला घुमारा दुसऱ्या आवाजावर चढवणारे, सॉफ्टवेअर असले की पुरते. त्यापेक्षा जास्त लागतो तो धीर आणि परवानगी.

आपल्याकडे ऐतिहासिक वास्तू आणि आवाज यांची गाठ पडते ती बहुधा दोन प्रकारे. पहिला प्रकार लाइट अँड साऊंड शोचा. १९५२ साली फ्रान्समधल्या शांबोर प्रासादात हा प्रकार सुरू झाला, १९६५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आला आणि मग गावोगाव पसरला. त्यात भरदार आवाजाचा निवेदक इतिहास सांगतो, घोड्यांच्या टापा वाजतात, भिंतीवर रंग पडतात. त्यातून हजारो लोकांना इतिहासाची पहिली ओळख झाली, हे त्याचे श्रेय आहे. पण त्यात वास्तू पडदा बनते. तीच ध्वनिफीत दुसऱ्या किल्ल्यावर वाजवली तर फक्त नावे बदलावी लागतील. दुसरा प्रकार महोत्सवाचा: घारापुरी, वेरूळ, अलीकडे अंबरनाथच्या आवारातही. तिथे मोठे कलावंत येतात, श्रोते तृप्त होतात, वास्तू मात्र पार्श्वभूमी राहते. वेरूळचा महोत्सव आधी कैलास लेण्यासमोर होत असे, पुढे तो सोनेरी महालाकडे हलवला गेला. लेण्याच्या जपणुकीच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

मला तिसरी वाट हवी आहे. वास्तूची गोष्ट सांगण्यापेक्षा तिची रीत उचलावी, असे माझे म्हणणे आहे. राजा कोण, साल कोणते, हे पाटीवर वाचता येते. पण एकच आकार लहान लहान करत उंचीचा भास कसा निर्माण करावा, भाविकाला उजेडातून अंधारात आणि अंधारातून पुन्हा उजेडाखाली कसे न्यावे, भिंत सरळ न ठेवता तिला पावलापावलावर मोडून सावल्यांची लय कशी बांधावी, हे ज्या कारागिरांना कळत होते त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. त्यांची विद्या त्यांच्या कामातच शिल्लक आहे. संगीतकार ती विद्या नादात उतरवू शकतो. ही त्यांची खरी आठवण होईल.

यासाठी देवळाचा कानाने अभ्यास करावा लागतो. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुजसुद्धा परत परत ऐकू येते, कारण तिथे गुळगुळीत वक्र पृष्ठाखाली प्रचंड पोकळी आहे. अंबरनाथची गोष्ट वेगळी. मंडप लहान, बाजूंना दारे, शिखराच्या पोकळीला वरून वाट. आवाज फार काळ कोंडून राहत नाही. शिवाय भिंतींवर आणि खांबांवर कोरीव काम आहे. दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीचे उठाव दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासच्या लहरी विखरून टाकतात, आणि आपल्या भाषेतली व्यंजने बरीचशी त्याच पट्ट्यात स्पष्ट होतात. नक्षी डोळ्यांसाठी कोरली, पण कानालाही तिचा उपयोग होतो: दगडी खोलीचा कर्कशपणा ती कमी करते.

खालच्या स्वरांचे गणित वेगळे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन दगडी भिंतींत चार मीटर अंतर असेल तर त्यांच्यामध्ये सहज उभा राहणारा सर्वांत खालचा स्वर साधारण ४३ हर्ट्झचा, मग ८६, मग १२९. हा शेवटचा आकडा पुरुष गायकाच्या पांढरी एकच्या षड्जाला जवळजवळ लागून आहे. गाभाऱ्यात एखादा माणूस ओंकार लावतो आणि एका ठरावीक उंचीवर भिंतीच त्याला साथ देऊ लागतात, त्याचे कारण एवढे साधे आहे. म्हणून आमच्या रचनेचा षड्ज आम्ही आधी ठरवलेला नाही. गाभाऱ्याचे मुद्रण होईल, त्यात जो स्वर सर्वांत लांब टिकेल, तो आमचा षड्ज. गायकांनी आपली पट्टी त्याच्याकडे न्यायची.

मग प्रश्न येतो की गायचे काय. अकराव्या शतकातले संगीत जसेच्या तसे उभे करण्याचा दावा मी करणार नाही. आपले ध्रुपद त्यानंतर काही शतकांनी घडले, ख्याल त्याहून उशिरा. तरीही त्या काळाच्या आसपासचे काही धागे आपल्या हातात आहेत आणि ते थक्क करणारे आहेत. स्थानकच्या शिलाहार दरबारात सोड्ढल नावाचा कवी होता. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या तिन्ही भावांचा आश्रय त्याला मिळाला आणि त्याने ‘उदयसुंदरीकथा’ हा चंपू लिहिला. गद्य आणि पद्य एकमेकांत गुंफलेला हा प्रकार आमच्या रचनेला बोललेला शब्द आणि गायलेला शब्द यांची वीण शिकवतो. त्याच शिलाहारांच्या प्रदेशात, अलिबागजवळच्या आक्षीला, शके ९३४ चा मराठी शिलालेख आहे. दिवेआगरचा मराठी ताम्रपटही बरेच अभ्यासक शके ९८२ चा मानतात, म्हणजे अंबरनाथच्या लेखाच्याच वर्षाचा. देवळावरचा लेख संस्कृतात, पण बाहेर व्यवहारात मराठी लिहिली जाऊ लागली होती. रचनेत दोन्ही भाषांना जागा आहे, ती या कारणाने.

त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात नोंद येते, की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या प्रबंधांत धवल हा मंगलप्रसंगीचा प्रकार आहे. आता मानपाड्याकडे पाहा. मानपाडा, सोनारपाडा, गोळवली, काटई, निळजे ही मुळात आगरी गावे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, हळदीपासून लग्न लागेपर्यंत विधीमागून विधी तिच्या आवाजावर चालतो. आजची चाल तेव्हाचीच असे कोणी म्हणू नये. पण मंगल कार्यात बाईने धवल गायचा, ही रीत आठशे वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदली गेली आणि आमच्या शेजारच्या मांडवात अजून चालू आहे. या रचनेत स्त्रीआवाजाचा मुख्य भाग ओवी आणि धवला यांच्या चालीवर उभा आहे. त्यासाठी शिकलेल्या गायिकेइतकाच मान धवलारणीला आहे, आणि तिच्या नावाशिवाय तिचा आवाज वापरला जाणार नाही.

रचनेचे पाच भाग आहेत. पुढे त्यांची सविस्तर संहिता दिली आहे. इथे फक्त रोख सांगते.

पहिला भाग नदीचा. वालधुनी आज कारखान्यांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने आजारी आहे. देवळाचे वर्णन करताना तिला वगळणे सोयीचे असते, पण ज्यांनी देऊळ नदीकाठी बांधले त्यांना नदी हवी होती. या भागात पाण्याचा मुद्रित आवाज, कल्याण-कर्जत मार्गावरून जाणाऱ्या लोकलचा घरघराट आणि कारखान्यांचा भोंगा हाच वाद्यवृंद आहे. चलत्चित्रात फक्त पाण्याचा पृष्ठभाग दिसेल, जसा आहे तसा.

दुसरा भाग भिंतीचा, म्हणजे प्रदक्षिणेचा. बाहेरची भिंत सतत आत-बाहेर मोडते, त्यामुळे चालणाऱ्याला सावली आणि ऊन आळीपाळीने लागते. इथे ओवी आहे, जात्याच्या नव्हे तर पावलांच्या लयीत. आवाज एका स्पीकरवरून पुढच्या स्पीकरवर जात श्रोत्यांभोवती पूर्ण फेरी घालतो. प्रकाश तिरपा, सकाळच्या उन्हासारखा, कारण उठाव समोरून दिसत नाही, बाजूने दिसतो.

तिसरा भाग मंडपाच्या छताचा. आत आत सरकणारी वर्तुळे इथे पखवाजाच्या तालांत उतरतात: धमाराच्या १४ मात्रा, मग चौतालाच्या १२, मग सूलतालाच्या १०, मग तीव्र्याच्या ७. लय तीच राहते, आवर्तन लहान होत जाते. ताल मोजता न येणाऱ्या श्रोत्यालाही घेर आवळत चालल्याचे जाणवते. द्युफेच्या वादातून शिकलेला धडा इथे वापरला आहे: जे प्रमाण कानाला कळत नाही ते रचनेत ठेवायचे नाही.

चौथा भाग पायऱ्यांचा. वीस पायऱ्या, वीस वाक्ये. इथे रुद्रवीणा आहे. अंबरनाथपासून फार दूर नसलेल्या, पनवेलजवळच्या पळस्प्याला उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचे गुरुकुल होते आणि वीणेचा अतिमंद्र त्यांनी ज्या निगुतीने जपला तो या प्रदेशाचा ठेवा आहे. आलाप मध्य सप्तकातून मंद्रात आणि मंद्रातून खर्जात उतरतो. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा एक पाऊल खाली संपते. याच भागात गाभाऱ्याचा नादगुण पहिल्यांदा आवाजावर चढतो. चित्र पूर्ण बंद.

पाचवा भाग शिखराचा. एक लहानसा बोल, ठायीपासून चौगुनीपर्यंत, गायक, पखवाज, धवलारीण, सगळ्यांच्या वाट्याला ओळीने येतो आणि वर चढत जातो. शेवटी तिहाई आहे. तिसऱ्या आवृत्तीचा अखेरचा आघात कोणीही वाजवत नाही. त्या क्षणी सभागृहाच्या छतावरचा एकच दिवा पूर्ण उजळतो. आपल्याकडच्या श्रोत्याला सम कुठे आहे हे सांगावे लागत नाही. त्याची मान आपोआप हलते, हात मांडीवर पडतो. तो हात म्हणजे आमलक. नऊशे-हजार वर्षांत जे ढासळले ते काही क्षण श्रोत्यांनी आपल्या अंगाने पुरे करावे, असा या रचनेचा सारा प्रयत्न आहे.

ही रचना देवळात सादर होणार नाही. तसे मी जाणून ठरवले आहे आणि पुढे कोणी ती हाती घेतली तर त्यांनीही हे पाळावे, अशी विनंती आहे. शिवालय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि ते रोजच्या पूजेतले, जागते देऊळ आहे. मोठ्या स्पीकरांची कंपने, तीव्र दिवे, हजारोंची गर्दी यांनी जुन्या बेसॉल्टचे काय होते याचा प्रयोग त्याच्यावर करून पाहायचे कारण नाही. भक्तीत असलेल्या माणसाच्या कानात आमची कला घालण्याचाही आम्हाला अधिकार नाही. परवानगी घेऊन, गर्दी नसलेल्या वेळी, मोजके मुद्रण करायचे आणि निघून यायचे. सादरीकरण डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात होऊ शकेल, अशा बेताने संहिता लिहिली आहे. आठ स्पीकर, एक पडदा, बारा कलावंत. मुंबईच्या मोठ्या सभागृहाची वाट न पाहता आपल्या उपनगरात करता यावी, एवढीच तिची सामग्री आहे.

काही जण विचारतील की मग जुन्या देवळाचे नाव कशाला, नुसते संगीत करा. माझे उत्तर असे: संगीतकाराला बंधन लागते. राग बंधन घालतो, ताल बंधन घालतो, म्हणून कल्पनेला दिशा मिळते. वास्तू हे तसेच एक बंधन आहे. ती आपल्या आवडीनिवडीला जुमानत नाही. मला जिथे शेवट हवा होता तिथे तिने आकाश ठेवले, जिथे मला चढायचे होते तिथे तिने उतरायला लावले. माझ्या एकटीच्या मनातून हे निघाले नसते. शिवाय उपनगराला स्वतःचा आवाज नसतो, इथे फक्त झोपायला यायचे, असे बोलले जाते. ज्या प्रदेशात एक हजार वर्षांचे शिल्प, आठशे वर्षांपूर्वी नोंदली गेलेली गानरीत आणि रोज धावणारी लोकल एकाच तासात ऐकता येतात, त्याला आवाज नाही हे मला मान्य नाही.

या पुस्तिकेचा उपयोग केवळ ही एक रचना उभी करण्यापुरता राहू नये. शेवटच्या प्रकरणात मुद्रणाची पद्धत पायरीपायरीने दिली आहे: परवानगीचा अर्ज, मायक्रोफोनची जागा, फुगा की टाळी, किती वेळा, नोंदवही कशी ठेवायची. ती वापरून कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खिडकाळेश्वराचे मुद्रण करता येईल, ठाण्याच्या कौपिनेश्वराचे करता येईल, तिथल्याच, १८७९ साली बांधलेल्या बेने इस्रायलींच्या शार हशामाईम सिनेगॉगचे करता येईल, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या बुरुजावरच्या मोकळ्या वाऱ्याचेही करता येईल. प्रत्येकाचा षड्ज निराळा निघेल आणि प्रत्येकाची रीत निराळी असेल. संगीताच्या वर्गात जाणाऱ्या, संगणकावर स्वतःचे सूर जुळवणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे: आपल्या घराजवळची एक जुनी वास्तू निवडा, आधी तिचा आराखडा शिका, मग तिचा आवाज मोजा, आणि त्यानंतरच वाद्याला हात लावा. ही पुस्तिका त्यासाठी आहे. हवी तशी वापरा, दुरुस्त करा आणि तुमची मापे आमच्या मापांशेजारी मांडा.

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)